न चावलेला साप

मला साप चावला नव्हता. ही गोष्ट आमच्या गावात आजही कुणाला पटत नाही.

लग्नात, बारशात, कुठंही गेले की ओळख ठरलेली : "ह्याच त्या नाग चावलेल्या बाई!" मी घाईघाईनं "अहो, नाही चावला" म्हणते. त्यावर समोरची बाई माझ्याकडं मायेनं बघते आणि शेजारणीला हळू आवाजात सांगते, "इख उतरलं तरी इसराळूपना ऱ्हातो गं जरा."

आता सगळं सांगतेच. म्हणजे निदान परगावच्या लोकांचा तरी गैरसमज दूर होईल.

मी नर्स आहे. माहेर मेढ्याकडचं, सासर कुंडलच्या अलीकडच्या एका गावात, आणि संसार मिरजेत. मिरजेतल्याच एका दवाखान्यात अठरा वर्षं नोकरी झाली. शिक्षण डिप्लोमाचं. अठरा वर्षं कुणी काही बोललं नाही. मग एके दिवशी मेट्रननी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "वंदना, काम तुझं चांगलं आहे, पण वॉर्डची इन्चार्ज व्हायचं तर डिग्री लागेल. बी. एस्सी. कर."

"या वयात, मॅडम?"

"मग कोणत्या वयात? रिटायर झाल्यावर?"

झालं! एक्केचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारपाळीला ड्युटी, आणि मधल्या वेळात बसस्टॉपवर उभ्यानं शेंगदाण्याचा लाडू. पहिल्याच दिवशी गेटवरच्या शिपायानं मला अदबीनं बाक पुसून दिला आणि म्हणाला, "पालक सभा पुढच्या आठवड्यात हाय, मॅडम." वर्गात शिरले तर बावीस-तेवीस वर्षांच्या मुली खाडकन उठून उभ्या राहिल्या आणि एका सुरात "गुड मॉर्निंग, मॅडम!" मीही सवयीनं "बसा, बसा" म्हणाले आणि मग जाऊन शेवटच्या बाकावर बसले. त्यानंतर बराच वेळ वर्गात कुणी कुणाकडं बघितलं नाही.

घरी नवरा आणि एक मुलगा. नवरा बिचारा भला माणूस. त्यानं कुकर लावायला शिकून घेतलं. (शिट्ट्या मोजायला अजून शिकलेला नाही. आमच्याकडं भात तरी होतो किंवा पेज तरी.) खरा प्रश्न होता सासू-सासऱ्यांचा. सासूबाईंना मी आत्ती म्हणते आणि सासऱ्यांना मामा. दोघंही गावाकडं असतात.

आत्तींना कळलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"आता शिकून काय हुनार गं तू?"

"नर्स."

"आन् आत्ता कोन हायस?"

"नर्स."

आत्तींनी एक खडा उचलून लांब फेकला. "मंग बरंय. बदल काय न्हाई."

मामांचं उलटं. मामा सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. गावात त्यांना नावानं कुणी ओळखतच नाही, सगळे हवालदारच म्हणतात. सून बी. एस्सी. करतेय हे ऐकल्यावर त्यांनी मिशीला पीळ दिला आणि पारावर जाऊन जाहीर केलं, "आमची सून डॉक्टरच्या वरचं शिकतीया." डॉक्टरच्या वर काय असतं हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि पारावर कुणी विचारलंही नाही. हवालदाराला उलटा प्रश्न विचारायची आमच्या गावात पद्धत नाही.

दुसऱ्या वर्षी एक विषय होता समाज आरोग्याचा. त्यात खेड्यात जायचं, घरोघर फिरायचं, लोकांना आरोग्याचं शिकवायचं. या विषयाच्या आमच्या कदम मॅडम फार कडक. मी त्यांच्या तासाला सलग जागी राहिले आहे असं एकदाही घडलं नव्हतं. (ड्युटी करून, दोन डबे भरून, सकाळी सात चाळीसची बस पकडून आलेल्या बाईला तुम्ही 'सांडपाण्याची विल्हेवाट' समजावून सांगायला लागलात तर ती झोपणार नाही तर काय करेल?) चाचणीत मला इतके कमी गुण पडले की मॅडमनी पेपर माझ्या हातात देताना तो पालथा धरला.

"वंदनाताई," त्या म्हणाल्या (सगळ्यांना अरे-तुरे करायच्या, मला मात्र ताई म्हणायच्या, आणि तेच जास्त लागायचं), "आता गावातला कार्यक्रम राहिलाय. त्यात गुण मिळाले तर परीक्षेला बसाल. नाहीतर पुढच्या वर्षी भेटूच."

पुढच्या वर्षी! म्हणजे आणखी एक वर्ष लाडू, बस आणि पेज.

कार्यक्रमासाठी गाव कुठलं घ्यायचं यावर चर्चा सुरू झाली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या गावी घेऊ या. माझे सासरे सगळी व्यवस्था करतील."

आयुष्यात काही वाक्यं माणसानं गिळावीत. हे त्यातलं एक.

विषय ठरला सर्पदंश. पथनाट्य करायचं. एका बाईला साप चावतो, घरचे तिला भगताकडं नेतात, भगत लिंबाचा पाला झाडतो, बाईची अवस्था बिघडते, मग एक शहाणी नर्स येते आणि सगळ्यांना सांगते : पळू नका, घाबरू नका, जखम कापू नका, भगताकडं जाऊ नका, सरळ दवाखाना गाठा. शहाण्या नर्सचं काम मला मिळेल असं मी गृहीत धरलं होतं. अठरा वर्षांचा अनुभव!

"नाही," मॅडम म्हणाल्या, "साप चावलेली बाई वंदनाताई करतील. नुसतं डोळे मिटून पडून राहायचंय. तसंही माझ्या तासाला त्यांचा सराव झालाय."

भगताचं काम प्रियांकाकडं आलं. प्रियांका वर्गातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात उत्साही मुलगी. शहाणी नर्स झाली तिची मैत्रीण, जिला रक्त बघितलं की अजून चक्कर यायची. असो.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही सकाळीच गावात पोचलो. मामांनी पारासमोर मांडव घातला होता. खुर्च्या, माइक, भोंगे, हारतुरे, मॅडमसाठी फेटा. दवंडीच तेवढी राहिली होती, आणि ती राहिल्याचं मामांना वाईट वाटत होतं. चार वाजता नाटक. मॅडम त्यांच्या गाडीनं वेळेवर येणार होत्या. मला त्या दिवशी दुपारपाळी बदलून संध्याकाळची मिळाली होती, म्हणजे नाटक आटोपून मिरजेला पळायचं होतं.

तालमीला आम्ही मामांच्या उसाच्या बांधावर गेलो, कारण पारावर तालीम केली असती तर गावानं नाटक फुकटात आधीच बघून घेतलं असतं. प्रियांकानं माझ्या घोट्यावर कुंकवाचे दोन ठिपके काढले. अगदी सापाचे दात उमटावेत तसे.

"ताई, तोंडाला फेस पाहिजे," ती म्हणाली.

"कशाला गं?"

"मॅडमना खरंखुरं लागतं. मी टूथपेस्ट आणलीय."

तिनं माझ्या तोंडात अर्धी ट्यूब पिळली. मग ती धोतर नेसायला उसाच्या पलीकडच्या पंपाच्या खोलीत गेली, बाकीच्या पोरी बॅनर आणायला पाराकडं गेल्या, आणि मी बांधावर एकटी उरले. चपला बाजूला काढल्या आणि म्हटलं, तेवढ्यात किंकाळीचा सराव करू. मॅडमनी आधीच्या तालमीत माझी किंकाळी नापास केली होती. "साप चावलाय, वंदनाताई. तुम्ही इंजेक्शनच्या वेळी 'जरा टोचेल हं' म्हणता तशा ओरडताय."

इकडंतिकडं बघितलं. कुणी नव्हतं. परीक्षा डोळ्यांपुढं आणली, सांडपाण्याची विल्हेवाट डोळ्यांपुढं आणली, आणि बेंबीच्या देठापासून ओरडले,

"साऽऽप! साप चावला गं बाईऽऽ!"

आणि धाडकन पडले. इतकी सुंदर किंकाळी मला पुन्हा कधी जमली नाही.

पलीकडच्या बांधाला शेवंताकाकी गवत कापत होत्या. हे मला दिसलं नव्हतं. त्या विळ्यासकट धावत आल्या. बघतात तो हवालदाराची सून आडवी, घोट्यावर दोन लाल खुणा, तोंडाला पांढरा फेस!

"आगं आई गं! वंदनाऽऽ! काय चावलं गं?"

मी घाईनं उठून बसले. सांगायला गेले, "काकी, नाटक हाय." पण अर्धी ट्यूब तोंडात असताना माणूस बोलतं ते असं ऐकू येतं :

"आकी, ना...ग... हाय!"

"नाग!" काकींनी छाती बडवली. "नाग हाय! वाचा बी गेली गं बया!"

आणि काकी पाराकडं पळाल्या. साठीची बाई, पण त्या दिवशी त्यांना कुणी गाठलं नसतं. मी थुंकले, खाकरले, थोडी पेस्ट घशात गेली, ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "काकी, थांबा!" म्हणेपर्यंत काकी दिसेनाशा झाल्या होत्या.

पारावर त्या वेळी माइकवाला "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री" करत होता. त्यानं काकींचं ऐकलं आणि जसंच्या तसं माइकवर सांगितलं. दोन भोंगे होते, मामांनी मुद्दाम मोठे मागवले होते. सगळ्या शिवारात आवाज घुमला : "हॅलो, हॅलो, हवालदारांच्या सुनंला नाग चावल्याला हाय, वाचा गेल्याली हाय, वन टू थ्री, सगळ्यांनी उसाकडं चला!"

गाव निघालं. मांडवातले निघाले, दूध घालायला आलेले निघाले, न्हाव्याच्या खुर्चीतला माणूस गालाला साबण तसाच ठेवून निघाला. सगळ्यांच्या पुढं मामा. मागं पदर खोचून आत्ती.

मी बांधावर उभी राहून दोन्ही हात हलवत होते. "आवं मामा, मला काय झालं न्हाई! नाटक हाय!"

मामांनी हात वर करून गाव थांबवलं. "कुनी हालायचं न्हाई! डिसिप्लिन!" मग माझ्याकडं वळले. "पोरी, खाली बस."

"मामा, खरंच, मला काय झालेलं नाही."

मामांचे डोळे भरून आले. "गोळी लागल्याला जवान बी असंच म्हनतो. मला काय झालं न्हाई सर, तुमी फुडं व्हा."

"आवं, तालीम चालली होती!"

"बडबडाय लागली," मागून कुणीतरी म्हणालं. "मण्यार असंल. मण्यारीत माणूस बडबडतं."

"मण्यार दिवसा कुठली? घोणस असंल."

"आरं, काकींनी सांगितलं की नाग म्हून!"

"दिवड असंल, काय हुत न्हाई," एक म्हातारा म्हणाला. त्याला सगळ्यांनी गप्प बसवलं. एवढं गाव गोळा झाल्यावर दिवड कुणाला परवडणार!

मामा मात्र कामाला लागले होते. त्यांनी हातात तसंच राहिलेलं फेट्याचं कापड फाडलं. (मॅडमचा फेटा!) शांतपणे गुडघ्यावर बसले, माझा पाय बघितला आणि हात मागं करून म्हणाले, "शेवंता, इळा आन."

"विळा कशाला, मामा?"

"चीर द्यायची. इख भाईर काढायचं. तू डोळं मिट."

तो विळा मी बघितला. नुकतंच गवत कापलेला, हिरवा, ओला, टोकाला माती. अठरा वर्षांचं नर्सिंग, दोन वर्षांचं बी. एस्सी., 'पळू नका, घाबरू नका' हे सगळं पाठ केलेलं नाटक... सगळं माझ्या डोक्यातून एका क्षणात गेलं आणि मी पळाले. अनवाणी. सरळ उसात!

"इख डोस्क्यात गेलं! धरा तिला!"

ऊस पुरुषभर वाढलेला. पानं अंगाला कापत होती, साडी फाटत होती, मागून पंचवीस-तीस माणसांचा आवाज, "इकडनं घ्या, तिकडनं घेरा!" रानडुकराला हाकतात तसं! मी धापा टाकत पलीकडच्या रस्त्यावर बाहेर पडले आणि समोर बघते तो प्रियांका. धोतर, मुंडासं, कपाळाला भस्म, हातात लिंबाचा डहाळा. ती आपली उत्साहानं म्हणाली, "ताई, माझी एंट्री झाली का?"

तेवढ्यात मामा उसातून बाहेर आले. त्यांनी भगत बघितला आणि त्यांचा पारा चढला. अंधश्रद्धेचा मामांना पहिल्यापासून राग.

"आरं, तुला कुनी बलावलं रं? आमच्या सुनंला भगत न्हाई, डाक्टर पायजे!" आणि त्यांनी भगताचं मुंडासं धरून ओढलं. मुंडासं हातात आलं आणि प्रियांकाची कमरेपर्यंतची वेणी खाली लोंबली.

मागचे पुढच्यांच्या खांद्यावरून बघायला लागले.

"बाई हाय की रं ही!"

"मामा, मी नर्स आहे!" प्रियांका रडायच्या बेतात.

"भगत कवापासनं नर्स झाली?"

कुणीतरी खुर्च्यांचा टेम्पो वळवून आणला. चौघांनी मला उचललं, प्रियांकालाही (पुरावा म्हणून) बसवलं, आणि टेम्पो आरोग्य केंद्राकडं निघाला. मी खुर्च्यांच्या थप्पीला टेकून आडवी. माझं डोकं आत्तींच्या मांडीवर.

मी तोंड उघडलं. "आत्ती, ऐका तरी..."

"गप, बोलू नगंस. दम लागंल." आत्तींनी पदरानं माझं तोंड पुसलं. मग आभाळाकडं बघून त्या म्हणाल्या, "देवा म्हसोबा, माझ्या पोरीला वाचीव. पाच नारळ फोडीन."

लग्न झाल्यापासून मी त्यांची 'सून' होते, 'मेढ्याची' होते, रागात असल्या की 'डोंगरातली' होते. पोरगी पहिल्यांदाच झाले. मी आवंढा गिळला. (त्यात थोडी पेस्टही होती.) आता खरं सांगून टाकावं म्हणून मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात आत्ती पुढं म्हणाल्या, "म्हयनाभर मिरजंला जाऊन ऱ्हाईन. सैपाक मी करीन. तिला भांड्याला हात लावू देनार न्हाई. तिला शिकू दे, बीएस्सी हू दे, काय हुयाचं त्ये हू दे."

मी तोंड मिटलं. म्हटलं, दवाखाना आलाच आहे जवळ. माणसानं देवाच्या आणि नवसाच्या मध्ये येऊ नये.

आरोग्य केंद्रात तरुण डॉक्टर होते. सून नर्स असल्याचं मामांनी त्यांना दारातच सांगितलं. त्यांनी मला खाटेवर घेतलं, नाडी बघितली. ती अर्थातच घोड्यासारखी धावत होती.

"कुठला साप?"

खिडकीतून एकदम आवाज आले, "नाग! मण्यार! घोणस!" आणि शेवटी एक क्षीण "दिवड!"

"फेस येत होता? बघू." डॉक्टर वाकले. थांबले. पुन्हा वाकले. माझ्या हनुवटीजवळ नाक आणून त्यांनी दोनदा वास घेतला. "सिस्टर, विष चढल्यावर तोंडाला पुदिन्याचा वास येतो, हे आम्हाला शिकवलं नव्हतं."

"टूथपेस्ट आहे, सर," मी म्हणाले आणि एका दमात सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं. डॉक्टर हसू दाबत घोटा पुसायला लागले. कुंकवाचे ठिपके कापसावर आले. त्यांनी कापूस खिडकीतून गावाला दाखवला. गाव हिरमुसलं. मी उठायला लागले.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. त्यांचं हसू गेलं होतं. "हे काय आहे?"

कुंकवाच्या वर, पोटरीजवळ, दोन बारीक लाल खुणा होत्या. जवळजवळ. खऱ्या.

"उसाचं पान लागलं असेल, सर."

"नक्की?"

मी "नक्की" म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याच अंगावर काटा आला. उसात मी अनवाणी पळाले होते. पाचोळा तुडवत. मागं आरडाओरडा. काही चावलं असतं तर त्या गोंधळात मला कळलं असतं का?

"रक्त घेऊ," डॉक्टर म्हणाले. "वीस मिनिटं नळी ठेवायची. घोणशीचं विष असेल तर रक्त गोठत नाही. गोठलं तर काळजी थोडी कमी. नाही गोठलं तर... तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत होतं, तीच तर अडचण होती! गावाला नुसतं साप चावला एवढंच माहीत होतं. मला त्यापुढची सगळी पानं पाठ होती. काचेची नळी टेबलावर उभी केली आणि मी तिच्याकडं बघत बसले. पाच मिनिटांत माझी बोटं मुंग्या आल्यासारखी झाली. सातव्या मिनिटाला पापण्या जड झाल्या. (हे कदम मॅडमच्या तासालाही व्हायचं, पण तेव्हा ते सुचलं नाही.) आता मी खरोखर घाबरले. मुलाचं अकरावीचं वर्ष, नवऱ्याचा कुकर, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी आत्तींचा हात घट्ट धरला. मामा दाराशी ताठ उभे होते. पहिल्यांदाच त्यांनी कुणाला काही हुकूम सोडला नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मेट्रन.

"वंदना, संध्याकाळच्या ड्युटीला येतेयस ना?"

"मॅडम, मला बहुतेक साप चावलाय."

"वंदना, कारणं तरी बरी सांगत जा गं."

वेळ झाली. डॉक्टरांनी नळी उचलली. खिडकीत डोकी गच्च. त्यांनी नळी हळूच तिरकी केली. रक्त हललं नाही. घट्ट. खरवसासारखं!

"गोठलं," डॉक्टर म्हणाले. "उसाचं पानच दिसतंय."

"गोठलंऽऽ!" खिडकीतून आरोळी गेली आणि बाहेर शंभर-दीडशे माणसांनी मॅच जिंकल्यासारख्या टाळ्या पिटल्या. आत्ती मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. मामा बाहेर गेले, भिंतीकडं तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिले. मी मात्र हसत सुटले. हसता हसता रडले, रडता रडता भूक लागली. स्वतःचं रक्त गोठल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

"तरी रात्रभर इथंच थांबा," डॉक्टर म्हणाले. "नियम तुम्हाला सांगायला नको."

आणि त्या आनंदात कदम मॅडम आल्या.

त्या पारावर गेल्या होत्या. तिथं रिकामा मांडव, अर्धे हार आणि एकटा माइक. "सगळे दवाखान्यात गेले" एवढंच त्यांना कळलं होतं. त्या दारात उभ्या राहिल्या. खाटेवर मी, फाटकी साडी, केसात उसाचा पाचोळा. कोपऱ्यात अर्धा भगत. बाहेर सगळं गाव.

"काय चाललंय हे?"

संपलं, मी मनात म्हटलं. पुढचं वर्ष. लाडू. बस. पेज.

मामा पुढं आले आणि त्यांनी कडक सलाम ठोकला. "मॅडम, पेशंटला टायमात दवाखान्यात पोचिवला. भगत आडवा आला, त्याला उडवला."

मॅडमनी प्रियांकाकडं बघितलं. प्रियांकानं वेणी मागं टाकली.

"म्हणजे," मॅडम हळूहळू म्हणाल्या, "भगताकडं न्यायचं असं कुणीच म्हणालं नाही?"

"कोन म्हनतंय! हाय कुनाची हिंमत!"

मॅडम खिडकीपाशी गेल्या, गर्दी बघितली, पुन्हा माझ्याकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते हसू होतं असं मी आजही शपथेवर सांगायला तयार नाही. "नाटक इथंच करा," त्या म्हणाल्या. "एवढी गर्दी पुन्हा मिळायची नाही. आणि हवालदार, तो विळा कुठाय? आधी त्याच्यावर बोलू."

नाटक अंगणात झालं. मी खाटेवरूनच चावले गेले. मॅडमनी विळ्यावर अर्धा तास भाषण दिलं आणि मामा पहिल्या रांगेत, पाठ ताठ ठेवून, ते ऐकत होते. मध्येच त्यांनी हात वर केला. "मॅडम, पर पेशंट पळाला तर काय करायचं?" गाव हसलं. आत्ती खिडकीशी माझ्याजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एवढं शिकतीयास, पर पळायचं न्हाई, एवढं बी म्हाईत न्हवतं व्हय गं तुला?"

मला गुण मिळाले. परीक्षेला बसायला मिळालं. आत्ती खरोखर महिनाभर मिरजेला येऊन राहिल्या आणि मला भांड्याला हात लावू दिला नाही. त्या महिन्यात माझा जेवढा अभ्यास झाला तेवढा दोन वर्षांत झाला नव्हता. नवरा तर त्या परत निघाल्या तेव्हा माझ्यापेक्षा जास्त हळवा झाला.

तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षक आल्या होत्या. चष्मा खाली ओढून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर्पदंश झाल्यावर रुग्णानं काय करू नये?"

माझा चेहरा उजळला. "पळू नये, मॅडम. आरडाओरडा करू नये. घाबरू नये. जखम कापू देऊ नये."

"छान." त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. पडद्यावर ऊस हलत होता. मग ऊस फाडून एक बाई बाहेर आली. केस मोकळे, तोंडाला फेस, अनवाणी, किंचाळत. मागून सगळं गाव. न्हाव्याकडचा साबण लावलेला माणूससुद्धा. "आणि ह्या कोण?"

व्हिडिओ कुणी काढला होता ते आजवर कळलेलं नाही, पण तो सांगलीहून साताऱ्यापर्यंत पोचला होता.

"विद्यार्थिनी आहे, मॅडम," मी म्हणाले. "तेव्हा अभ्यास व्हायचा होता."

मी पास झाले. वॉर्डची इन्चार्जही झाले. आता कॉलेजात दर वर्षी सर्पदंशाचा तास असला की मला मानानं बोलावतात. मला वाटलं होतं, व्याख्यानाला बोलावतात. तसं नाही. आधी तो व्हिडिओ लावतात, मग मला उभं करतात, आणि कदम मॅडम छडी माझ्याकडं वळवून मुलींना सांगतात, "हं, लिहून घ्या. काय करू नये : आकृती एक!"